अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाची घंटा

वेळवाडे गाव हरलं ते एका गोलनं, आणि तो गोल झाला तेव्हा गावाचे अकराच्या अकरा खेळाडू डोळे मिटून, माना खाली घालून उभे होते.

त्यात खेळाडूंचं काही चुकलं असं निदान त्या क्षणी तरी कुणाला वाटलं नाही, कारण प्रेक्षकही तसेच उभे होते. सांत रोक चषकाचा अंतिम सामना होता. मैदान वेळवाड्याचंच, इगर्जीच्या, म्हणजे चर्चच्या, समोरचं. समोर आंबेभाटचा संघ, स्कोअर शून्य-शून्य, आणि अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला इगर्जीत सांजेच्या प्रार्थनेची घंटा झाली. ही घंटा ऐकली की असाल तिथं उभं राहायचं हे वेळवाड्यात आईच्या दुधाबरोबरच मिळतं. न्हावी वस्तरा थांबवतो आणि ज्याची अर्धी दाढी झालेली असते तोही बिनतक्रार थांबतो. मिनीनच्या तावेर्नमध्ये ओठांपर्यंत गेलेला ग्लास परत टेबलावर येतो. खाली ठेवता ठेवता एक घोट घेतला जातो, पण तेवढ्याला देवाची हरकत नसावी.

तर गोलकीपर प्लासिदनं हातमोजे काढले, काखेत धरले आणि हात जोडले. आंबेभाटचेही सात-आठ जण उभे राहिले. उभा राहिला नाही तो त्यांचा लोरेंस. तो बॉल घेऊन या सगळ्या भाविकांमधून वाट काढत आला आणि झोपलेल्या मुलाला पांघरूण घालावं इतक्या हलक्या पायानं त्यानं बॉल जाळ्यात सरकवला. रेफरी मडगावहून आलेला. त्यानं गोलची शिटी फुंकली. वेळवाड्यानं "आमेन" म्हणून डोळे उघडले तेव्हा आंबेभाटची माणसं टोप्या उडवत होती.

यानंतर तीन आठवडे वेळवाड्यात दुसरा विषय नव्हता. संध्याकाळी मिनीनच्या तावेर्नमध्ये सभा भरायची आणि तिचा अध्यक्ष असायचा ज्योकीम बार्रेतो. ज्योकीमबाब वीज खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला आणि बावीस वर्षं क्लबचा सेक्रेटरी. आयुष्यात त्यानं फुटबॉलला पाय म्हणून लावला नव्हता, पण क्लबची पत्रं लिहावीत ती त्यानंच. 'उपरोक्त' हा शब्द तो बोलतानासुद्धा वापरायचा.

"पुढच्या वर्षाचा संघ सांगा मला," मिनीन गल्ल्यामागून म्हणायचा. "कायतान लंडनला चालला. पोर्तुगीज पासपोर्ट आला त्याचा. रोक जहाजावर गेला. बोस्कोचं लग्न झालं."

"लग्न झालं म्हणून काय झालं?"

"तू त्याला पाहिलंस का हल्ली? पूर्वी बॉलमागं धावायचा. आता बॉल आला तर पाहुणा आल्यासारखा बघतो."

"मग उरलं कोण?"

उरला होता प्लासिद. चोवीस वर्षांचा, हात खांबापासून खांबापर्यंत पोचणारे, आणि अख्ख्या स्पर्धेत त्या एका गोलखेरीज त्यानं कुणाला घरात घेतलं नव्हतं. पण हरलेल्या गावाला कुणीतरी गुन्हेगार लागतोच. देवाला दोष देता येत नाही, रेफरी मडगावला निघून गेलेला. हाताशी होता तो प्लासिद.

तीस वर्षं जहाजावर काढून परत आलेला तितूस म्हणायचा, "ब्राझीलच्या बंदरात मी पाहिलंय. तिथला गोलकीपर आई मेली तरी खांब सोडत नाही."

"याची आई जिवंत आहे," मिनीन म्हणायचा.

"तेच तर."

एका संध्याकाळी दोन घोटांच्या मध्ये ज्योकीमबाबच्या तोंडून गेलं, "प्रार्थना मनातल्या मनातही करता येते. उपरोक्त गोलकीपरला हातमोजे काढायची काय गरज होती?"

टाळ्या पडल्या. मिनीननं एक ग्लास आपल्याकडून दिला. आणि त्याच वेळी दारात, सायकलला टेकून, प्लासिद उभा होता.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. प्लासिद संध्याकाळी गोलकीपर, पण पहाटे तो गावाचा पोदेर. सायकलच्या मागं मोठी टोपली बांधून, भोंगा वाजवत, साठ घरांना पाव आणि पोई पोचवणारा. वेळवाड्यात पहाट उजाडते ती सूर्यामुळं नाही, त्या भोंग्यामुळं. आणि जगात कुणाशीही वैर घ्यावं, पण जो आपल्या दारात सकाळी गरम पोई घेऊन येतो त्याच्याशी घेऊ नये, एवढं व्यवहारज्ञान चौतीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माणसाला असायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सहा वाजता भोंगा वाजला. ज्योकीमबाबची बायको एर्मेलिंदा कापडी पिशवी घेऊन फाटकाशी गेली. सायकल आली. ज्योकीमबाबच्या फाटकासमोर प्लासिदनं भोंगा जास्तच जोरात वाजवला, आणि सायकल पुढं गेली.

"विसरला असेल," ज्योकीमबाब म्हणाला.

तिसऱ्या दिवशी तितूसकडे विसरला. चौथ्या दिवशी मिनीनकडे. आठवडा संपेपर्यंत साठातली एकेचाळीस घरं विसरून झाली होती, आणि विसरायची यादी तावेर्नमधल्या हजेरीशी तंतोतंत जुळत होती. भोंगा मात्र प्रत्येक दारापुढं वाजायचा. हा खास जीवघेणा प्रकार. गावात लोक सकाळी पेज आणि खारा मासा खाऊ लागले आणि एकमेकांकडे संशयानं पाहू लागले.

"तुझ्या जिभेपायी माझी पोई गेली," एर्मेलिंदा म्हणाली. "चौतीस वर्षं तू लोकांची वीज तोडलीस तेव्हा मी काही बोलले नाही. आता आपली तुटलीय. जा आणि जोडून ये."

ज्योकीमबाब गेला. पोटासाठी गेला असं मात्र नाही. खरं कारण त्याच सकाळी मिनीननं आणलं होतं. आंबेभाटनं प्लासिदला निरोप धाडला होता : आमच्याकडून खेळ, आमच्या बेकरीची फेरी तुला देतो, आणि सायकल नको, स्कूटर घे. संघाची नोंदणी सांत आंतोनीच्या फेस्तापर्यंत. फेस्ताचा सण तेरा जूनला. हाती दिवस अठरा. प्लासिद गेला तर वेळवाड्याचा संघ म्हणजे लग्न झालेला बोस्को आणि दोन खांब, एवढंच राहत होतं. आणि बावीस वर्षं ज्या क्लबची पत्रं आपण लिहिली त्याचं शेवटचं पत्र 'क्लब बंद करीत आहोत' असं लिहावं लागेल, या कल्पनेसरशी ज्योकीमबाबनं चपला पायात सरकवल्या.

प्लासिद भट्टीजवळ पीठ मळत होता. त्यानं मान वर केली नाही.

"प्लासिद, पुता, झालं गेलं—"

"बाब, तुम्ही म्हणालात ते सगळ्या गावानं ऐकलं. आता माझं चुकलं नाही हे पण सगळ्या गावानं ऐकायला हवं. तुम्हाला पत्र लिहिता येतं ना? मग लिहून आणा. कागदावर. शिक्क्यासकट."

"आणि आणलं तर आपल्या नोंदणीच्या फॉर्मवर सही करशील?"

"आधी कागद."

शिक्क्याचा कागद! ज्योकीमबाबला गुदगुल्या झाल्या. माणसं त्याला कधी कळली नव्हती, पण कागद कळत होता. तो गोलच बाद ठरवून घ्यायचा, असं त्यानं तिथल्या तिथं ठरवलं. गोल बाद, म्हणजे गोलकीपर निर्दोष. तालुका फुटबॉल मंडळाकडे तक्रार. त्यानं रात्रीच्या जेवणाआधी अडीच पानी मसुदा तयार केला. त्यात 'उपरोक्त' अकरा वेळा आला, संघातल्या प्रत्येक खेळाडूसाठी एक.

गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. एवढं मोठं काम निघाल्यावर सल्ला द्यायला कोण मागं राहतंय? मिनीन म्हणाला, आमदाराला गाठ. तितूस म्हणाला, आमदार काय करतोय, थेट रोमला लिही, हा धर्माचा मामला आहे. तिथं जहाजावरचा त्याचा एक दोस्त आहे, पूर्वी तो स्वयंपाक करायचा, आता काय करतो माहीत नाही. बोस्कोच्या सासूनं सांगितलं, हरवलेल्या वस्तूंचा संत म्हणजे सांत आंतोनी, त्याच्यापुढं मेणबत्ती लाव.

"हरवलेल्या वस्तू, सामने नाही," ज्योकीमबाब म्हणाला.

"तू लाव तर."

ज्योकीमबाबनं लावली. हेडक्लार्क कुठलीच शक्यता फाइलबाहेर ठेवत नाही.

मडगावला मंडळाची कचेरी दुसऱ्या मजल्यावर. पहिल्या दिवशी ती बंद. कारकून कुणाच्या तरी मयताला गेलेला. दुसऱ्या दिवशी उघडी, पण कारकून चहाला. तिसऱ्या दिवशी नायक नावाचा तो कारकून खिडकीत सापडला. चौतीस वर्षं ज्योकीमबाब असल्याच खिडकीच्या आत बसला होता. बाहेरून ती किती उंच असते ते त्याला प्रथमच कळलं. चवड्यांवर उभं राहून त्यानं अर्ज आत सरकवला.

नायकानं अडीच पानं वाचली. मनापासून वाचली.

"काय सुंदर लिहिता हो!" तो म्हणाला. "पण तक्रार अठ्ठेचाळीस तासांत यायला हवी. आज पंचविसावा दिवस."

"मग?"

"मग तक्रार नका करू. खुलासा मागा. खुलाशाला मुदत नाही." नायकानं आवाज खाली आणला. एक जातिवंत कारकून दुसऱ्याला ओळखतो. "नियम चौदा. सार्वजनिक कारणानं खेळ थांबला असेल तर त्या वेळातला गोल धरत नाहीत. मिरवणूक, सायरन, गुरं मैदानात शिरणं."

"आणि घंटा?"

नायक विचारात पडला. "वेळेवर वाजली तर घंटा हे सार्वजनिक कारण. अवेळी वाजली तर तो नुसता आवाज. तेव्हा ती वेळेवर वाजली असा इगर्जीचा दाखला आणा. तीन प्रती."

"उद्या आणतो."

"उद्या मी रजेवर आहे. परवा या."

हे वाक्य ज्योकीमबाबनं स्वतः आयुष्यात किती लोकांना ऐकवलं असेल याचा हिशेब बसमध्ये करू नये म्हणून तो खिडकीबाहेर बघत बसला.

इगर्जीचे फादर मेंदिस मोठे सरळ गृहस्थ. त्यांनी कपाटातली वह्यांची चळत काढली. "बाप्तिस्म्याचा दाखला देईन," ते म्हणाले, "लग्नाचा देईन, मयताचा देईन. घंटेचा दाखला मी आयुष्यात दिला नाही. पण का देऊ नये? खरं तेवढं लिहायचं. सांजेची घंटा सातला. त्या दिवशी सातला वाजली का? मी त्या वेळी आजाऱ्याकडे गेलो होतो. रुझारला विचारा. तो सांगेल ते मी लिहितो."

रुझार म्हणजे घंटा वाजवणारा. पंचवीस वर्षं तो दोरी ओढत होता आणि त्याच्या घंटेवर गावानं घड्याळं लावली होती. ज्योकीमबाब त्याच्या घरी गेला तर बायको म्हणाली, शेतावर गेलाय. शेतावर गेला तर शेजारी म्हणाला, नदीवर. नदीवर कुणी नव्हतं. मोठ्या आवाजाचा, दिवसातून तीनदा सगळ्या गावाला हाक मारणारा माणूस चार दिवस कुणाला सापडेना. शेवटी ज्योकीमबाब दुपारी बाराच्या घंटेला दोरीशी जाऊन उभा राहिला. घंटा काही रुझारला चुकवता येत नव्हती.

"रुझार, एवढं सांग. त्या दिवशी सातला वाजवलीस ना?"

रुझार दोरीकडे बघत राहिला. "साधारण."

"साधारण म्हणजे?"

"पावणेसात."

"रुझार!"

"वर तीन मिनिटं," रुझार घाईनं म्हणाला. "बाब, तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं? मी मैदानात बसलेलो. शून्य-शून्य. मी हिशेब केला : सामना संपणार दहा मिनिटं कमी सातला, मग पेनल्टी किक. पेनल्टी ऐन सातला! मी घंटेशी, सगळा गाव पेनल्टीशी. पंचवीस वर्षांत आपण पहिल्यांदा फायनलला पोचलो आणि मी दोरी ओढत बसू? म्हटलं, लवकर वाजवून टाकू आणि पळत परत येऊ. देवाला बारा मिनिटं काय हो? तो युगं मोजतो."

"अरे पण गाव सगळं डोळे मिटून उभं राहील हे तुझ्या डोक्यात आलं नाही?"

"त्या वेळी डोक्यात फक्त पेनल्टी होती. पळत परत आलो तर..." रुझारचे डोळे भरून आले. "मी काही कुणाला सांगितलं नाही. पाव पण मला रोज मिळतो, बाब. प्लासिद रोज देतो. घशाखाली उतरत नाही."

ज्योकीमबाब संतापला. पाठ्यपुस्तकात शोभेल असं बोलला तो. कर्तव्य, निष्ठा, वेळेचं महत्त्व. "उपरोक्त बारा मिनिटांनी," तो म्हणाला, "एका पोराचं आयुष्य—"

"बाब," रुझार हळूच म्हणाला, "सामना साडेचारला सुरू व्हायचा होता. मग सव्वासहाला सगळं संपलं असतं, पेनल्टी धरून सुद्धा साडेसहाला. सात वाजता मी आरामात दोरीशी असतो."

"मग उशीर का झाला?"

रुझार इतक्या आदरानं दोरीकडे बघू लागला की ज्योकीमबाबला सगळं आठवलं.

पाहुणे वेळेवर आले होते. रेफरी तयार होता. दोन्ही संघ रांगेत उभे होते, उन्हात. आणि माइकपुढं उभं राहून सेक्रेटरी ज्योकीम बार्रेतो स्वागताचं भाषण करत होता. क्लबची स्थापना, पहिलं जाळं कोळ्याकडून कसं मिळालं, एकोणीसशे पासष्टची ती पावसातली मॅच, दिवंगत अध्यक्षांचे एकेक करून गुण. अध्यक्ष नऊ होऊन गेले होते. मध्ये टाळ्या पडल्या तेव्हा त्याला वाटलं भाषण रंगतंय. त्या टाळ्या आता कुठं त्याला नीट ऐकू आल्या.

"मी सात लिहून देतो की," रुझार म्हणाला. "माझ्या घड्याळात सातच वाजले होते म्हणतो. फादर लिहितील, मंडळाचा शिक्का येईल, प्लासिद राहील. कुणाला कळतंय?"

खोटं सांगायचं तर ज्योकीमबाबनं ही सूचना ताबडतोब धुडकावून लावली. खरं सांगायचं तर तो इगर्जीच्या पायऱ्यांवर पाऊण तास बसला. दाखला हातात आला की गोल बाद. प्लासिद निर्दोष, क्लब जिवंत, आणि ज्योकीम बार्रेतोचं भाषण हे उत्कृष्ट भाषणच राहत होतं. फक्त साध्याभोळ्या फादर मेंदिसना खोट्यावर सही करायला लावायची होती. एवढंच. ते 'एवढंच' त्याच्याच्यानं गिळवेना.

घरी येऊन त्यानं एर्मेलिंदाला सगळं सांगितलं. तिला आश्चर्य वाटलं नाही याचं त्याला जरा वाईट वाटलं.

"तुला माहीत होतं?"

"मी पहिल्या रांगेत होते. माझ्या शेजारच्या दोन बायका भाषण संपेपर्यंत घरी जाऊन मासे साफ करून आल्या."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू किती खूश होतास," ती म्हणाली.

ज्योकीमबाब लिहायला बसला. पहिल्या मसुद्यात त्यानं लिहिलं, 'काही अपरिहार्य कारणास्तव सामन्यास विलंब झाला.' एर्मेलिंदानं खांद्यावरून वाचलं आणि विचारलं, "कारणाचं नाव काय?" दुसऱ्यात लिहिलं, 'स्वागताचे भाषण किंचित लांबले.' ती म्हणाली, "आपोआप लांबलं?" पाचव्या मसुद्यापर्यंत टेबलाखाली कागदांचा ढीग झाला आणि हातात उरल्या चार ओळी. त्यात 'उपरोक्त' एकदाही नव्हता.

बारा जूनला संध्याकाळी क्लबच्या खोलीत सर्वसाधारण सभा होती. सर्वसाधारणपणे तिला नऊ माणसं येतात. त्या दिवशी खिडक्यांवर माणसं बसली होती, कारण ज्योकीमबाबनं शिक्क्याचा कागद आणलाय अशी आवई उठली होती आणि गाव पावाला वखवखलेलं होतं. प्लासिद शेवटच्या बाकावर हाताची घडी घालून बसला होता. त्याच्या खिशातून आंबेभाटचा फॉर्म डोकावत होता. सही राहिली होती फक्त.

ज्योकीमबाब उभा राहिला. लोकांनी सवयीनं पाठी टेकल्या, दोघातिघांनी तर डोळेही मिटले.

"कागद आहे," तो म्हणाला. "शिक्का नाही. गोल बाद होणार नाही. घंटा बारा मिनिटं लवकर वाजली, कारण सामना उशिरा सुरू झाला. सामना उशिरा सुरू झाला, कारण मी पस्तीस मिनिटं बोललो."

"अडतीस," मिनीन म्हणाला.

"अडतीस. प्लासिदची चूक नव्हती. घंटा झाल्यावर त्यानं तेच केलं जे आपण सगळ्यांनी केलं. आपण त्याला नावं ठेवली, आणि सुरुवात मी केली. मला त्याची लाज वाटते. हा माझा राजीनामा."

तो खाली बसला. वेळवाड्यानं ज्योकीमबाबचं एवढं लहान भाषण कधी ऐकलं नव्हतं. लोक अजून पुढचं येईल म्हणून वाट बघत होते. मग खिडकीत कुणीतरी खुदकन हसलं आणि हसू खोलीभर पसरलं. ज्योकीमबाबचे कान लाल झाले. मान मात्र त्यानं खाली घातली नाही. रुझारही उठला, "घंटा मी वाजवली" म्हणाला आणि रडायलाच लागला. तितूसनं त्याला रुमाल दिला. बावीस वर्षांत अशी सभा झाली नव्हती.

त्या गलक्यात प्लासिद कधी उभा राहिला ते कुणाला कळलं नाही.

"मला पण एक सांगायचंय," तो म्हणाला. "माझा एक डोळा उघडा होता."

खिडक्यांवरची माणसं आत वाकली.

"गोलकीपरचा राहतोच. मी लोरेंसला येताना पाहिलं. जोडलेले हात सोडले असते तर बॉल धरला असता, सोपा होता. पण मला वाटलं, हा थांबेल. आम्ही दोघं एका वर्षी, इगर्जीत एका बाकावर बसून दोत्रीन शिकलो, प्रार्थना पाठ केल्या. मला वाटलं, हा येतोय तो माझ्याशेजारी उभा राहायला. बॉल आत गेला तरी मला खरं वाटेना." त्यानं ओठ चावले. "तुम्ही सगळे म्हणत होता की मी डोळे का मिटले. मी काय सांगणार होतो? की उघडा होता, आणि तरी भरवसा ठेवला? तुम्ही आणखी हसला असता."

कुणी हसलं नाही. ज्योकीमबाब भाषण न करता उठला, टेबलावरचा वेळवाड्याचा फॉर्म घेऊन शेवटच्या बाकापर्यंत गेला आणि आपलं पेन उघडून प्लासिदपुढं धरलं. ते पेन तो कुणाला देत नसे. प्लासिदनं खिशातला कागद काढून दोन तुकडे केले आणि सही केली.

जो ओरडा झाला त्यात दारावरची थाप दोनदा वाया गेली. तिसऱ्यांदा मिनीननं दार उघडलं आणि ओरडा जागच्या जागी विझला. दारात लोरेंस उभा होता, हातात हेल्मेट.

"काय राहिलंय इथलं न्यायचं?" तितूस म्हणाला. "खांब न्यायला आलास?"

लोरेंस आत आला नाही. "आमच्याकडे मला आता नावानं कुणी हाक मारत नाही," तो म्हणाला. "'आमेन' म्हणतात. चषकाबरोबर फोटो काढायला माझ्याच शेजारी कुणी उभं राहिलं नाही. घरी आई बोलत नाही. ती तुमच्या गावची, वरच्या वाड्यावरची. मी घंटा ऐकली होती. डोकं म्हणत होतं थांब आणि पाय थांबले नाहीत. गोल झाल्यावर मी नाचलो सुद्धा नाही. तुम्ही पाहिलंच असेल."

कुणीच पाहिलं नव्हतं.

"आईच्या गावाकडून खेळता येतं असं ऐकलं," लोरेंस म्हणाला. "एखादी जागा असेल तर."

"नियम सहा," ज्योकीमबाब पुटपुटला. "आजोळ चालतं."

"तुझा राजीनामा झालाय," तितूस म्हणाला.

"राजीनाम्याचं नंतर बघू," मिनीन म्हणाला. "फॉर्म अजून एक आहे का ते बघ आधी."

फॉर्म होता. पण तो पुढं करायची कुणाची हिंमत होईना. मागच्या वर्षी सोळा गोल मारणारा माणूस दारात उभा होता, आणि मिनीनपासून रुझारपर्यंत सगळं गाव त्याच्याकडे न बघता शेवटच्या बाकाकडे बघत होतं.

प्लासिद उठून दारापर्यंत गेला. दोघं समोरासमोर उभे राहिले तेव्हा लोरेंसनंच नजर खाली घातली.

"सरावाला रोज साडेपाचला यायचं," प्लासिद म्हणाला. "उशीर चालणार नाही. आणि घंटा झाली की पळत येऊन माझ्या बाजूला उभं राहायचं. अगदी बाजूला. मला दोन्ही डोळे मिटता आले पाहिजेत."

लोरेंसनं मान डोलावली. ज्योकीमबाबनं कोरा फॉर्म टेबलावर सरळ केला आणि नावाच्या ओळीत आपल्या सुंदर अक्षरात लिहायला सुरुवात केली.